"काही नाही झालं" म्हणजे नेमकं काय झालं?

विदर्भातल्या गावात कुणाला "कसं वाटते?" असं विचारलं, तर उत्तरात भावनेचं नाव क्वचित येतं. "डोकं जड आहे." "जीव लागत नाही." "हातापायात जान नाही." आणि सगळ्यात जास्त वेळा, "काही नाही झालं." ऐकणारा एकतर डोकेदुखीची गोळी देतो, नाहीतर शेवटचं उत्तर खरं मानून कामाला लागतो. दोन्हीकडे बोलणं तिथंच थांबतं.

यावरून गावच्या माणसाला भावना सांगता येत नाहीत, असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ आहेत. तो चूक आहे. माणूस सांगतच असतो, फक्त शरीर, जेवण, काम आणि अबोला यांच्या बोलीत सांगतो. ऐकणाऱ्याला ती बोली वाचावी लागते आणि आपण वाचलं ते बरोबर का, हे विचारून घ्यावं लागतं. या लेखाचा भर त्या दुसऱ्या कामावर आहे. बहुतेक गडबड तिथंच होते.

धडधड एक, अर्थ अनेक

भावना एकजीव नसते. आधी काहीतरी घडतं. त्यानं शरीर हलतं: ठोके वाढतात, तोंडाला कोरड पडते, पोटात गोळा येतो. मेंदू आजूबाजूचं पाहून त्या हलण्याला अर्थ लावतो. मग चेहरा, आवाज, हात यांतून थोडंफार बाहेर दिसतं, आणि शेवटी माणूस काहीतरी करतो किंवा करायचं टाळतो. भरताच्या नाट्यशास्त्रात साधारण अशीच फोड आहे. भाव जागवणारा तो विभाव, बाहेर दिसणारा तो अनुभाव, आणि शरीरावर आपसूक उमटणारे आठ सात्त्विक भाव: स्तंभ (थिजून जाणं), स्वेद (घाम), रोमांच, स्वरभंग, वेपथु (थरथर), वैवर्ण्य (चेहऱ्याचा रंग उडणं), अश्रू, प्रलय (भान हरपणं). ही यादी पाठ करणाऱ्यांच्या हातून एक गोष्ट निसटते. नटाला खुणेसोबत प्रसंगही उभा करावा लागतो. नुसता घाम दाखवला, तर हा घाबरलाय, चिडलाय की वावरातून आलाय, हे प्रेक्षकाला कळायचं कसं?

ठोके वाढवणारं ॲड्रेनॅलिन हे रसायन भीतीत येतं, रागात येतं, आणि शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, आपली जोडी पुढं निघाली की आनंदातही येतं. छातीतली धडधड तिन्ही वेळा सारखीच. अर्थ प्रसंग देतो.

चेहऱ्याचंही तेच. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन यांनी १९६० च्या दशकाच्या शेवटी पापुआ न्यू गिनीतल्या फोरे लोकांना चेहऱ्यांचे फोटो दाखवून अभ्यास केला. राग, भीती, दुःख, आनंद, किळस आणि आश्चर्य या सहा भावनांचे चेहरे जगभर सारखे ओळखले जातात, असं त्यांनी मांडलं. शिबिरांत आणि कार्यशाळांत अजून हेच शिकवलं जातं. पण २०१९ मध्ये लिसा फेल्डमन बॅरेट आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनी तोवरचे अभ्यास एकत्र तपासले. रागावलेला माणूस दरवेळी कपाळाला आठ्या घालत नाही, आणि आठ्या घातलेला दरवेळी रागावलेला नसतो, असं त्यांना आढळलं. मार्चमधल्या दुपारी हरभरा काढणाऱ्या कुणाकडंही पाहा, आठ्या सगळ्यांच्याच कपाळावर असतात.

जाता जाता, "संवादात शब्दांचा वाटा ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि देहबोलीचा ५५" हा आकडा कुणी फेकला तर तो सोडून द्या. अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांतून तो उचललेला आहे. त्या प्रयोगांत सुटे शब्द होते, आणि प्रश्न एवढाच होता की शब्द, सूर आणि चेहरा यांचा मेळ बसत नसेल तर बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नाही, हे ऐकणारा कशावरून ठरवतो. बँकेतल्या साहेबाशी कर्जाबद्दल बोलताना शब्दांचा वाटा ७ टक्के नसतो, एवढं कुणालाही कळेल.

एकमन आणि वॉलेस फ्रीझन यांनी १९६९ मध्ये मांडलेली दुसरी कल्पना मात्र गावात फार उपयोगी पडते: कोणती भावना, कुणासमोर, किती दाखवायची याचे नियम प्रत्येक समाजात ठरलेले असतात. पोरगा बापासमोर रडत नाही. नवी सून मामाजींसमोर, म्हणजे सासऱ्यासमोर, खळखळून हसत नाही. मयतीच्या घरी मात्र बाई मोठ्यानं रडली नाही तर शेजारणी कुजबुजतात. आणि पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली झडत्या, म्हणजे टोमणे मारणारी गाणी, सुरू झाल्या की पाऊस, भाव, सावकार, सरकार, सगळ्यांचा उद्धार चारचौघांत करायची मुभा मिळते. एरवी तोंडातून चकार शब्द न काढणारा माणूसही त्या दिवशी "हर बोला हर हर महादेव" म्हणण्याआधी मनातलं ओकून मोकळा होतो. तेव्हा समोरचा काही दाखवत नाही म्हणजे त्याला काही वाटत नाही, असं धरू नये. त्या जागी, त्या माणसांसमोर दाखवायची मुभा नसेल.

डोकं जड आहे, म्हणजे?

मनाचा त्रास शरीराच्या तक्रारीतून सांगणं ही फसवणूक नाही आणि अडाणीपणाही नाही. "मला उदास वाटतं" म्हटलं की घरचे गोंधळतात. "कंबर धरली" म्हटलं की निदान गरम पाणी तरी मिळतं. शिवाय दुखणं खरोखर असतंच. झोप मोडली, भूक गेली, स्नायू आखडले की अंग दुखणारच.

म्हणून तक्रार खोडून काढू नये. "काही नाही, मनाचे खेळ आहेत" या एका वाक्यानं दार बंद होतं. आधी दुखण्याचं विचारावं: कधीपासून, दिवसातून केव्हा जास्त, झोप कशी, जेवण कसं. "कधीपासून" हा यातला सगळ्यात कामाचा प्रश्न. कारण त्याचं उत्तर बहुधा घटनेशी येऊन थांबतं: "दिवाळीपासून", "पोरीचं मोडलं तवापासून", "बँकेची नोटीस आली त्या हप्त्यापासून". माणसानं भावनेचं नाव घेतलेलं नसतं, पण तिचा पत्ता दिलेला असतो.

उदासी, कामात रस नसणं, झोप-भूक बिघडणं हे बहुतेक दिवस टिकून दोन आठवडे झाले, तर तो नैराश्याचा आजार असू शकतो. तिथं घरच्या समजुतीवर भागत नाही, दवाखाना लागतो. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम चालला. गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी लोकांशी या विषयावर बोलायला सुरुवात केली, आणि नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण साधारण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. हे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. "जगून काय फायदा" अशी भाषा ऐकू आली तर सरळ विचारावं: "जीव द्यायचं मनात येते काय?" विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर 'हो' आलं तर माणसाला एकटं ठेवू नये, फवारणीची औषधं त्याच दिवशी घरातून हलवून दुसरीकडं कुलपात ठेवावीत, आणि १४४१६ वर फोन लावावा. ही सरकारची टेलिमानस सेवा, २०२२ पासून सुरू आहे. मोफत, चोवीस तास, मराठीतही.

रागाच्या पोटात काय काय

मराठीत 'राग' हे एक मोठं पोतं आहे. त्यात काय भरलंय हे न पाहता उपाय केला तर उलटा पडतो.

रुसवा घ्या. रुसवा फक्त आपल्या माणसावर धरता येतो. कृषी केंद्रवाल्यावर कुणी रुसत नाही. लग्नात जावई रुसतो, कारण कुणीतरी येऊन समजूत काढेल याची त्याला खात्री असते. रुसव्याच्या मुळाशी मान किंवा माया मागणं असतं. अशा माणसाला "राहू दे, शांत होईल आपोआप" म्हणून एकटं सोडलं, की रुसवा कडवट होतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. भाऊबंदकीतले कितीतरी अबोले असेच सुरू झालेले असतात: धुऱ्याचं, म्हणजे बांधाचं, भांडण नंतरचं, आधी कुणीतरी कुणालातरी बारशाला बोलावलेलं नसतं.

संतापाचं नेमकं उलट. तिथं लगेच गोडीनं जवळ गेलं तर आगीत तेल. ठोके मिनिटाला १०० च्या वर गेले की माणसाला समोरच्याचं धड ऐकूही येत नाही, असं जोडप्यांच्या भांडणांचा अभ्यास करणारे जॉन गॉटमन सांगतात. शरीर खाली यायला किमान २० मिनिटं द्या, असाही त्यांचा सल्ला आहे. मनगटावर बोटं ठेवून १५ सेकंदांत २५ ठोके भरले, तर बोलणं थांबवायची वेळ झाली असं समजावं. पण उठून जाताना परत यायची वेळ सांगावी: "मी ढोरांना पाणी पाजून येतो, चहाच्या वेळी बोलू." हे वाक्य न बोलता उठणं म्हणजे समोरच्याच्या लेखी अबोला.

त्रागा म्हणजे रागाच्या भरात स्वतःचं नुकसान: ताट सारणं, उपाशी झोपणं, मोबाईल आपटणं. तिथं आधी नुकसान थांबवायचं, चूक कुणाची ते नंतर. आणि चीड येते अन्यायाची. पीकविम्याच्या यादीत शेजाऱ्याचं नाव आलं आणि आपलं नाही, याची चीड असलेल्याला "जाऊ दे ना भाऊ" म्हणणं हा आणखी एक अन्याय वाटतो. त्याला सहानुभूती नको असते, तक्रारीचा अर्ज कुठं द्यायचा ते हवं असतं.

नेमकं नाव सापडलं की भावनेची धार थोडी कमी होते, असंही दिसतं. कॅलिफोर्नियातल्या मॅथ्यू लिबरमन यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, चेहऱ्यावरच्या भावनेला शब्दानं नाव देताना पाहणाऱ्यांच्या मेंदूतल्या, भीती-धोक्याला प्रतिसाद देणाऱ्या अमिग्डाला या भागाची हालचाल कमी झालेली दिसली. यासाठी मराठीत शब्दांचा तुटवडा नाही: हुरहूर, घुसमट, तगमग, कासावीस, ओशाळणं, हिरमुसणं. वापरात मात्र 'राग' आणि 'टेंशन' हे दोनच उरलेत. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी, यवतमाळात कोलामी बोलणाऱ्या घरांत मराठी ही दुसरी भाषा असते. तिथं "तुमच्या बोलीत याले काय म्हणता?" असं विचारलं तर नेमका शब्द लवकर मिळतो.

घरच्याच माणसाचं चुकतं

परक्यापेक्षा आपलं माणूस आपल्याला बरोबर ओळखतं, असं आपण धरून चालतो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात केनेथ सॅवित्स्की आणि सहकाऱ्यांनी हे तपासलं. दोन अर्थ निघतील अशी वाक्यं जोडीदारानं बोलली तेव्हा आणि अनोळखी माणसानं बोलली तेव्हा, ऐकणाऱ्याला ती सारखीच कळली. फरक एवढाच की आपलं बोलणं जोडीदाराला जास्त कळलं, अशी बोलणाऱ्याची उगाच खात्री होती. परक्याला आपण विचारून घेतो. घरच्याला विचारत नाही.

ऑक्टोबरचा शेवट. परतीच्या पावसात सोयाबीन भिजलं, वाळवून बाजार समितीत नेलं. संध्याकाळी बाप परत येऊन ओट्यावर बसतो. चपला पायातच. पोरगा आतून विचारतो, "काय भाव लागला?"

"लागला."

माय म्हणते, "हातपाय धुऊन घ्या, वाढते."

"भूक नाही."

"तुमाले म्हटलं होतं, आठ रोज थांबा म्हणून," पोरगा म्हणतो.

"तुले काय समजते? तुहा अभ्यास पाय!"

पोराच्या मते बाप तापट आहे. बापाच्या मते पोरगा हिशेब मागतोय. पण भावना ओरडण्याच्या आधीच दोनदा सांगून झाली होती. "लागला" या एका शब्दात आकडा लपवला होता, आणि जेवण नाकारलं होतं. आकडा लपवणं ही बहुधा लाजेची खूण असते. त्या लाजेवर "म्हटलं होतं" पडलं की तिचा राग होतो, कारण बापानं पोरासमोर राग दाखवलेला चालतो, लाज दाखवलेली चालत नाही.

आता तोच प्रसंग दुसऱ्या वाटेनं. पोरगा पाण्याचा तांब्या आणून ठेवतो, समोर उभा न राहता बाजूला बसतो.

"उशीर झाला आज. लाइन होती काय?"

"होती."

दोघं गप्प. पोरगा बैलाच्या गळ्यातलं दावं सोडायला घेतो.

"ओलावा किती निघाला?"

"अठरा."

प्रमाण १२ टक्क्यांचं, म्हणजे भाव कुठं गेला असेल हे पोराला कळलं. तो आकडा विचारत नाही. "चार जणांत वाईट वाटलं असन."

"वाईट कायचं... मूठभर दाणे हातात घेऊन हासला थो व्यापारी."

बापानं 'लाज' हा शब्द उच्चारला नाही, उच्चारणारही नाही. पण घटना सांगितली, आणि ती पुरेशी आहे. इथं "म्हणजे तुमाले लाज वाटली ना?" असं विचारून ठप्पा मारायला जाऊ नये. "हासायले काय झालं त्याले" एवढं पुरे.

दुसऱ्या वेळी काय बदललं ते पाहा. पोरगा समोर बसला नाही. गावातली पुरुष माणसं डोळ्याला डोळा भिडवून फार कमी बोलतात. वावराच्या वाटेवर, गाडीवर मागं बसून, कापसाचे गठोडे बांधताना, हात कामात असताना ती बोलतात. बायकांचंही वेचणीच्या ओळीत किंवा दळणाच्या रांगेत तसंच. दुसरं, प्रश्न लहान आणि खरी माहिती विचारणारे होते. "काहून", म्हणजे "का", एकदाही आलं नाही. "काहून गप्प आहे?" ऐकणाऱ्याला जाब विचारल्यासारखं लागतं, आणि माणूस कारण शोधायच्या ऐवजी सफाई द्यायला लागतो. तिसरं, मधली शांतता तशीच राहू दिली. बोलण्यात एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यातलं अंतर सेकंदाच्या पाचव्या भागाएवढं, म्हणजे २०० मिलिसेकंदांच्या आसपास असतं. दहा भाषांच्या तुलनेतून ते मोजलेलं आहे. म्हणून पाच सेकंदांची शांतताही फार लांब वाटते आणि आपण काहीतरी बडबडून ती भरतो. मनात सावकाश दहापर्यंत मोजा. बरेचदा सातव्या-आठव्या आकड्याला समोरचा बोलतो.

स्वतःचं सांगताना

इथं मराठीत एक खास खड्डा आहे: 'वाटतं'. "मला वाईट वाटतं" ही भावना. "मला वाटतं तुला माझी किंमत नाही" हा आरोप, पण तो भावनेच्या कपड्यात येतो आणि बोलणाऱ्यालाही फसवतो. तपासायची रीत सोपी आहे. 'मला वाटतं'च्या जागी 'माझ्या मते' घालून पाहा. वाक्य चाललं तर ते मत आहे. "माझ्या मते वाईट" चालत नाही, म्हणजे ती भावना.

मराठीचं व्याकरण दुसरीकडं मदतही करतं. राग येतो, भीती वाटते, वऱ्हाडीत "मले भेव लागते". भावना पावसासारखी येते, माणूस तिचा मालक नसतो. त्यामुळे "तू रागीट आहे" ऐवजी "तुले राग आलेला दिसते" म्हणणं सहज जमतं, आणि दोन्हींचा परिणाम वेगळा. पहिलं स्वभावावर बोट ठेवतं, दुसरं या घटकेपुरतं असतं.

सांगायची गोष्ट चार भागांची: काय घडलं, मला काय वाटलं, त्याचा काय परिणाम झाला, आता काय हवं. "काल तुम्ही न सांगता रात्री अकराला आले. मले भेव लागलं. झोप नाही झाली. उशीर व्हणार असन तर एक फोन करत जा." यातला चौथा भाग बहुतेक जण गाळतात, आणि मग ऐकणाऱ्याला नुसतं ओरडणं ऐकू येतं. 'नेहमी' आणि 'कधीच' हे शब्दही बाहेर ठेवावेत, कारण समोरचा लगेच एक अपवाद शोधून आणतो आणि भांडण त्या अपवादावर जातं.

घरात कुणी कुणाला 'माफ कर' म्हणत नाही. चहाचा कप पुढं सरकवला जातो, ताटात न मागता ठेचा येतो. हीच माफी. अडचण एवढीच की समोरच्याच्या लक्षात आलं नाही तर माफी वाया जाते, आणि मागणारा मनात म्हणतो, आपण तर पडतं घेतलं. कपासोबत "काल जास्त बोललो" एवढे तीन शब्द जोडले की काम होतं.

फोनवर चेहरा नसतो आणि आजूबाजूला कोण आहे ते दिसत नाही. सासरी असलेली लेक "हो, बरी आहे" म्हणते तेव्हा मागं कुणी बसलंय का, हे आधी विचारावं. 'हो-नाही'त उत्तर देता येईल असे प्रश्न विचारावेत, किंवा "वावरात गेली की लाव" म्हणावं. व्हॉट्सॲपवरच्या नुसत्या "ठीक आहे" वरून कुणी रागावलंय असं ठरवू नये.

अंदाज चुकेल, तो चुकतोच. म्हणून तो प्रश्नासारखा मांडायचा: "राग आला असन, नाही काय?" समोरचा म्हणाला, "राग नाही बावा. भेव लागून राहिलं," तर अंदाज चुकूनही काम झालं, कारण नाव त्यानं स्वतः घेतलं. आता समजूत घालायची घाई नको. विचारायचं एवढंच, "कायचं?" आणि दहापर्यंत मोजायचं.